रेशीमदेवीनं धरलेले हात

कंबळीपाळ्यात त्या दुपारी मारुतीच्या देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी गुडघ्यांचं कारण सांगून दारातल्या नळापर्यंतही न जाणाऱ्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसल्या होत्या. बाप्यांनी तुतीचा पाला अर्धा तोडून तसाच बांधावर टाकला होता. पोरांना तर कुणी बोलवायलाच नको होतं, कारण आज तपासणी त्यांचीच होती.

कंबळीपाळ्य म्हणजे बेंगळूरच्या विमानतळामागं तुतीच्या मळ्यांत दडलेली मराठ्यांची वस्ती. पूर्वज कुठल्या फौजेबरोबर इकडं आले ते आता कुणालाच धड सांगता येत नाही. मराठी मात्र टिकली, आणि तिच्यात कन्नड इतकं मुरलं की पुण्याचा पाहुणा आला तर त्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. डोक्यावरून विमानं जातात आणि खाली घरोघरी रेशमाच्या अळ्या पाला खातात. विमानाकडं मान वर करून बघायला कुणाला सवड नसते, कारण अळ्यांना सारखी भूक लागलेली असते.

गेल्या पिकाला गावातल्या निम्म्या घरांत अळ्या काळ्या पडून मेल्या. तेव्हापासून दृष्ट, भूत, भानामती अशी सगळी नावं घेऊन झाली होती. शेवटी वस्तीतल्या सिमेंटच्या एकमेव दुमजली घराच्या मालकानं, जितेंद्ररावानं, स्वामींना बोलावणं धाडलं.

पांढरी गाडी आली. गाडीच्या बाजूला मोठा फलक होता, 'श्री श्री कोषानंद स्वामी'. पाचवीतल्या श्वेताला वाचायची खोड होती, भिंतीवरच्या जाहिरातीसुद्धा ती सोडत नसे. तिच्या लगेच लक्षात आलं की 'कोषा' एवढं वेगळ्या कागदावर छापून वरून चिकटवलंय. पण तेवढ्यात तिची अज्जी पुढं झाली आणि फलक झाकला गेला.

अज्जीच्या हातात परात होती. परातीत लालभडक पाणी आणि मधोमध पेटलेली वात. नवरानवरी असोत, बाळंतीण असो की निवडून आलेला पंचायत मेंबर असो, या गावात ओवाळायचं ते याच पाण्यानं, आणि ते कालवावं ते श्वेताच्या अज्जीनंच. तिनं स्वामींना ओवाळलं, दृष्ट काढली आणि उरलेलं पाणी गाडीच्या चाकावर ओतून टाकलं. स्वामींनी डोळे मिटून मान हलवली.

स्वामी पूर्वाश्रमी मारतहळ्ळीला एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचे, असं त्यांचा शिष्य प्राणेश मोठ्या अभिमानानं सांगे. तो वास त्यांच्या बोलण्याला अजून होता.

"भक्तजनहो," स्वामी माइकवर म्हणाले, "तुमची तक्रार देवीपर्यंत पोचलेली आहे. रेशीमदेवीकडं सध्या फार गर्दी आहे, तरी कुणी रांग सोडू नये. दोष कुठं आहे? पाल्यात नाही. घरात नाही. दोष स्पर्शात आहे. अळीला हात कुणाचा लागतो? लेकरांचा. लेकरं जातात कुठं? शाळेत. हायवे ओलांडून. त्या हायवेवर काय काय व्हायब्रेशन असतं, तुम्हाला कल्पना नाही."

हायवेच्या व्हायब्रेशनची कल्पना कुणालाच नव्हती, त्यामुळं सगळ्यांना ते पटलं.

तपासणीची रीत सोपी होती. प्राणेश पोराच्या तळव्यांना ओली हळद चोळणार, मग स्वामी कमंडलूतलं तीर्थ शिंपडणार. हळद पिवळी राहिली तर पोर शुद्ध. लाल झाली तर त्याला देवीनं धरलंय.

पहिला नंबर शेजारच्या संहिताचा लागला. प्राणेशनं हळद चोळली. स्वामींनी कमंडलूला हात घातला आणि तो तिथंच राहिला, कारण तीर्थाचा थेंबही पडला नव्हता तोच संहिताचे तळवे कुंकवासारखे लाल झाले होते. श्वेता अगदी पुढं उभी होती. तिला स्पष्ट दिसलं की गावाच्या आधी स्वामीच दचकले.

पण मुरलेला गडी होता तो. "बघा," स्वामी हळूच म्हणाले. "तीर्थाचीसुद्धा गरज पडली नाही. एवढा कडक दोष मी अजून कुठं पाहिला नव्हता."

मग एकामागून एक पोर. सगळी लाल. श्वेता लाल, तिच्या वर्गातल्या यच्चयावत पोरी लाल, गोठ्यामागं लपलेल्या पोरांना ओढून आणलं तर तीही लाल. स्वामींचा आवाज चढत गेला. म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. पिवळा राहिला तो एकटा जितेंद्ररावाचा अभिराज, जो व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जायचा. "शुद्ध आत्मा," कमंडलूला हात न लावताच स्वामी म्हणाले, आणि जितेंद्ररावानं मिशीवरून हात फिरवला.

शेवटी श्वेताचा धाकटा भाऊ ध्रुव आला आणि पंचाईत झाली. त्याचा उजवा हात लाल झाला, डावा पिवळाच राहिला.

स्वामी क्षणभर दोन्ही हातांकडं बघत राहिले. "अर्धा दोष," ते म्हणाले. "आईकडचा गेलाय, बापाकडचा राहिलाय." सगळ्या गावानं वळून नागोजीकडं पाहिलं. श्वेताचा बाप नागोजी जमिनीकडं बघत उभा राहिला.

निकाल असा लागला की देवीनं धरलेल्या पोरांनी कोष तयार होईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. शाळा बंद. अळ्यांची सेवा करायची, पाला तोडायचा, आणि मंतरलेला दोरा मनगटात बांधायचा. दोरे प्राणेशकडं होते, त्यासाठीही रांग लागली. शनिवारी पुन्हा येऊन दोष उतरला की नाही ते बघू, असं सांगून स्वामी जितेंद्ररावाकडं जेवायला गेले.

गंमत अशी की निकाल ऐकून आईबापांचे चेहरे जेवढे पडायला हवे होते तेवढे पडले नाहीत. अळ्या शेवटची कात टाकून उठल्या की बकासुरासारख्या खातात. त्या दिवसांत घरात हात कमी पडतात आणि पोरांच्या शाळेचा राग येतो. देवीनं हे नेमकं ओळखलं होतं. आपल्या सोयीचं बोलणारा देव माणसाला फार लवकर पटतो.

श्वेताचा मात्र सगळा बेत कोसळला. पुढच्या रविवारी तालुक्याला वसतिशाळेची प्रवेश परीक्षा होती. पाचवीतून एकदाच देता येणारी. शीव ओलांडायची नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वसतिशाळा नाही.

"अप्पा, एकच दिवस. गेले तशी येईन."

"देवीचं काम आहे श्वेता. पुन्हा अळ्या मेल्या तर खायचं काय?" नागोजी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

वसतिशाळा श्वेताला कशासाठी हवी होती हे तिच्या घरी एक दिवस काढला असता तर कुणालाही कळलं असतं. घरातली एकुलती एक मोठी खोली अळ्यांची. पंखा अळ्यांना. घराला नवा पत्रा घातला तो अळ्यांना ऊन लागू नये म्हणून. माणसं पडवीत झोपत, पावसाची झड आली की भिंतीकडं सरकत. तांबडं फुटायच्या आधी पोरांना उठवायचं, दवानं भिजलेल्या तुतीत शिरून पाला तोडायचा, भारे डोक्यावर आणायचे, चिरायचे, पसरायचे. अळ्या कात टाकायला बसल्या की ट्रे कोरडे राहावेत म्हणून चुन्याची भुकटी भुरभुरायची, जमिनीवरही तीच. मग घंगाळात हात बुचकळायचे आणि पळत शाळा गाठायची. चुन्यानं तळव्यांना भेगा पडत. दुपारी शाळेतलं आंबट सारू भातावर कालवलं की बोटं अशी झोंबत की पोरं चमच्यासाठी भांडत. वसतिशाळेत म्हणे प्रत्येक मुलीला झोपायला खाट असते. श्वेतानं ती खाट कधी पाहिली नव्हती, पण तिच्यावर ती मनानं कितीदा तरी झोपून आली होती.

सोमवारी शाळेत पाचवीचा वर्ग रिकामा. मंगळवारी वीणा मिस स्वतःच गावात आल्या. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातल्या त्या. रोज मेट्रो, बस आणि उरलेलं पायी असं करत शाळेला येत. आधी त्या नागोजीला भेटल्या.

"नागोजी अण्णा, रविवारी हिची परीक्षा आहे. मी अर्ज भरलाय."

"मिस, तुम्ही शहरातल्या. तुमच्या घरी अळ्या नाहीत."

"अळ्या नाहीत, पण डोकं आहे."

"ते आमच्या घरी आहे तेवढं पुरे," नागोजी म्हणाला आणि पाल्याचा भारा उचलून आत गेला. वीणा मिसचा हा स्वभावच नडायचा. खरं बोलायचं, पण असं की समोरच्यानं दार लावून घ्यावं.

श्वेता मळ्यात सापडली. मनगटात दोरा, हातात विळा.

"तू मानतेस हे?" मिसनी विचारलं.

"हात लाल झाले ना मिस. मी बघितलं."

"मी कुठं म्हणते झाले नाहीत म्हणून. लाल कुणाचे झाले?"

"सगळ्यांचे."

"ते तर सगळेच सांगतात. पिवळे कुणाचे राहिले?"

"अभिराजचे. आणि ध्रुवचा एक."

"कुठला?"

"डावा."

"सरी, ठीक आहे. मग मला विचारू नकोस, त्या डाव्या हाताला विचार. मी सांगितलं तर गाव म्हणेल, शहरातली बाई शिकवून गेली. आणखी काही खटकलं तुला?"

श्वेतानं विळ्यानं मातीत एक रेघ ओढली. "संहिताचा हात लाल झाला तेव्हा स्वामीच दचकले मिस. ज्याचा चमत्कार त्यानं कशाला दचकायचं?"

मिस हसल्या आणि बसच्या वाटेला लागल्या.

श्वेता दोन दिवस ध्रुवच्या मागं लागली. त्याचा डावा हात उलटापालटा करून बघितला. त्याला शेवटी वाटलं की आता हा हात कापूनच नेतात की काय. त्या हाताचं वेगळं एवढंच होतं की ध्रुव बांधावरून पडला होता, आणि स्वामी आले त्याच सकाळपर्यंत त्याच्यावर फडकं गुंडाळलेलं होतं. म्हणजे डाव्या हातानं त्या आठवड्यात काहीच काम केलं नव्हतं. उजव्यानं केलं होतं. अभिराजनं तर दोन्ही हातांनी कधीच केलं नव्हतं.

देवी काम करणाऱ्यांनाच का धरते, या विचारात ती असताना अज्जीनं हाक मारली. पलीकडच्या आळीत बारसं होतं आणि ओवाळायचं पाणी कालवायचं होतं. श्वेतानं परात आणली. अज्जीनं पाण्यात चिमूटभर हळद टाकली. पाणी पिवळं झालं. मग तिनं कमरेची पानाची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि पाण्यात फिरवला. पाणी लालभडक झालं.

हे श्वेतानं आयुष्यात शंभरदा पाहिलं असेल. पण पाहणं आणि दिसणं यात फरक असतो, आणि तो त्या क्षणी मिटला.

"अज्जी, यात कुंकू घालत नाहीस?"

"कुंकू कशाला गे? हळद आणि सुण्णा. माझ्या सासूनं हेच शिकवलं."

"आणि आम्ही अळ्यांवर भुरभुरतो ते काय?"

"सुण्णाच की. दुसरं काय..." अज्जी बोलता बोलता थांबली. मग ठामपणे म्हणाली, "ते वेगळं. हे ओवाळायचं पाणी, ते देवीचं."

श्वेतानं वाद घातला नाही. ध्रुवला धरून आणलं, त्याचा डावा तळवा पुसला आणि हळद चोळली. पिवळी. मग त्याला चुन्याच्या डब्यात बोटं बुडवायला सांगितली आणि तीच बोटं तळव्यावर फिरवली. जिथं बोट फिरलं तिथं लाल रेघ उठत गेली. ध्रुव भोकाड पसरणार होता, कारण त्याला वाटलं आता डावाही धरला. श्वेतानं तळव्यावर चिंचेचं पाणी ओतलं. हळद पुन्हा पिवळी झाली.

अज्जीनं तोंडातलं पान एका गालात सारलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ज्या पाण्यानं मी त्याला ओवाळलं, त्याच पाण्यानं त्यानं आख्ख्या गावाला ओवाळून टाकलं."

"हो अज्जी."

"माझीच हळद, माझाच सुण्णा, आणि पोरगी माझी घरात कोंडली." अज्जीला फसवलं गेल्याचं एवढं दुःख नव्हतं. आपलाच माल आपल्याला विकला गेला याचा तिला संताप आला. "मारुतीला मी मानते आणि मानत राहीन. पण हा काही मारुती नव्हे. त्याला पान आवडतं ना गे?"

"जितेंद्ररावाकडं जेवल्यावर विडा मागितला होता म्हणे."

"मग शनिवारी विडा माझ्या हातचा," अज्जी म्हणाली.

नागोजीला मात्र अज्जीनं मुद्दामच काही सांगितलं नाही. एकट्याला सांगून गाव शहाणं होत नाही, असं तिचं मत.

शनिवारी पुन्हा तीच गर्दी, तीच गाडी. वीणा मिस शेवटच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. आज त्यांनी तोंड बंद ठेवायचं, असं श्वेतानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. अळ्या आठवडाभर जोमात होत्या, त्यामुळं स्वामींचा भाव वधारला होता. पोरं रात्रंदिवस राबली होती याचं श्रेय कुणी पोरांना दिलं नाही.

स्वामी जेवून तृप्त होऊन देवळाच्या ओट्यावर बसले. अज्जीनं अदबीनं पानाचं तबक पुढं सरकवलं. स्वामींनी पान मांडीवर पुसलं, अंगठ्यानं चुना घेऊन शिरेवर सढळ हातानं लावला, सुपारी घातली, विडा तोंडात कोंबला आणि अंगठा उपरण्याला पुसला.

"मंडळी," स्वामी एका गालातून म्हणाले, "देवीकडून फीडबॅक चांगला आहे. दोष निम्म्यानं उतरला. कोष होईपर्यंत लेकरांनी सेवा अशीच चालू ठेवायची. एकदा सवलत दिली की सगळे मागतात."

श्वेता उठून उभी राहिली. उद्याची परीक्षा या दोन-चार वाक्यांवर उभी होती हे तिला ठाऊक होतं.

"स्वामीजी, एक विनंती आहे. अभिराजचा हात शुद्ध म्हणून पिवळा राहिला. तुमचा तर त्याहून शुद्ध असेल. आम्हा दोषी पोरांना शुद्ध हाताचं दर्शन द्या. त्यानंच आमचा दोष उतरेल."

स्वामींनी अंगठ्याकडं पाहिलं. पुन्हा उपरण्याला पुसला. "साधूची परीक्षा घेऊ नये, बाळ."

"परीक्षा कुठली? दर्शन मागते पोर," अज्जी म्हणाली आणि तिनं जमिनीला डोकं टेकलं. तिच्या मागं सगळ्या म्हाताऱ्यांनी टेकलं. "दर्शन द्या स्वामीजी," गर्दीतून आवाज आला, मग सगळीकडूनच येऊ लागला. जितेंद्ररावानं स्वतः प्राणेशच्या हातून हळदीची वाटी घेतली आणि भक्तिभावानं स्वामींच्या हाताला हळद चोळली. स्वामी आपल्याच भक्तांच्या तावडीत सापडले होते.

तळवा पिवळा राहिला. अंगठा मात्र नखापासून मुळापर्यंत लाल झाला. उपरण्याला तो जिथं पुसला होता तिथं जितेंद्ररावाचा हळदीचा हात लागला होता, तिथंही दोन लाल डाग उमटले.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग अज्जी उठली.

"अय्यो, स्वामीजींनाही देवीनं धरलं," ती हळहळून म्हणाली. "आता कसं करायचं? शीव ओलांडायची नाही. कोष होईपर्यंत इथंच राहायचं. श्वेता, स्वामीजींना टोपली आणि विळा दे. उद्या पहाटे पाला तोडायला आमच्याबरोबर येतील. झोपायला पडवीत जागा करू, आम्ही भिंतीकडं सरकतो."

पहिल्यांदा संहिता हसली. मग पोरं हसली, आणि मग मोठ्यांनाही आवरेना. नागोजी तेवढा हसला नाही. "हा काय प्रकार आहे, श्वेता?" त्यानं विचारलं.

"सांगते अप्पा. आधी अभिराजला बोलवा. स्वामी म्हणाले होते की तीर्थाची गरज पडली नाही. मग तीर्थ आणलं होतं कशाला?"

अभिराजच्या तळव्याला हळद लावली. पिवळी. श्वेतानं ओट्यावरचा कमंडलू उचलला आणि त्यातलं तीर्थ त्याच्यावर ओतलं. शुद्ध आत्मा मनगटापर्यंत लाल झाला आणि "ममी" म्हणून ओरडला. जितेंद्ररावानं वाकून कमंडलूत पाहिलं. तळाला पांढरा साका बसलेला होता.

"चुन्याची निवळी आहे," श्वेता म्हणाली. "यांना एखाद्या पोरावर ती शिंपडायची होती. पण आपल्या हातांना चुना आधीच लागलेला असतो, अळ्यांवर भुरभुरतो तो. भेगांत, नखांत राहतो. म्हणून तीर्थाशिवायच लाल झाले. अभिराज चुन्याला हात लावत नाही, ध्रुवचा हात फडक्यात होता. अज्जी ओवाळायचं पाणी करते तेच हे. सगळ्यांच्या घरी होतं, रोज होतं."

आता वीणा मिसना राहवेना. त्या पुढं आल्या, पण या खेपेला आवाज मऊ होता. "हळदीचा गुणच तो. चुना किंवा साबण लागला की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. लुगड्यावरचा हळदीचा डाग धुताना लाल होतो, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे." त्यांनी अज्जीनं आणून ठेवलेला चिंचेच्या पाण्याचा तांब्या अभिराजच्या हातावर रिकामा केला, आणि तो पुन्हा शुद्ध झाला.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट कुणी भगव्या कपड्यात सांगितली की ती ओळखू येत नाही, याची लाज प्रत्येकीच्या तोंडावर होती.

या गडबडीत स्वामींना अचानक एक अर्जंट फोन आला. फोन वाजल्याचं कुणी ऐकलं नाही. प्राणेश माइक टाकून स्टिअरिंगवर बसला आणि गाडी मळ्यांच्या वाटेनं अशी निघाली की तुतीची एक फांदी फलकाला घासली. चिकटवलेला कागद फाटून उडाला. खाली लिहिलं होतं, 'श्री श्री द्राक्षानंद स्वामी'. त्याआधी द्राक्षांच्या गावांतही कुणाचे तरी हात लाल झाले असणार.

गर्दी पांगू लागली, पण नागोजी तिथंच उभा होता. "ते खोटं, कबूल," तो म्हणाला. "मग माझ्या अळ्या मेल्या कशानं?"

वीणा मिसनी उत्तर देण्याऐवजी विचारलं, "रेशीम खात्याचा माणूस काय सांगून गेला होता, अण्णा?"

"आधीच्या पिकानंतर खोली धुऊन घ्या म्हणाला. आणि ओला पाला घालू नका म्हणाला. पण पाला मी कुठं आणतो? पोरं आणतात."

"दव वाळेपर्यंत थांबलं तर शाळा बुडते, अप्पा," श्वेता म्हणाली. "आणि डोळ्यांत झोप असते. कोरडा कुठला, ओला कुठला कळत नाही. म्हणून तसाच आणतो."

नागोजी पुढं आला. त्यानं श्वेताचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. लाल रंग आहे का ते नव्हे, भेगा. अळ्यांना कुणाची दृष्ट लागली नव्हती. पोरांची झोप पुरी होत नव्हती. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळायला एक भोंदू यावा लागला याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि त्यानं तिच्या मनगटातला दोरा दातांनी तोडून टाकला.

रविवारी पहाटे श्वेताला कुणी उठवलं नाही. ती दचकून जागी झाली तेव्हा उजाडलं होतं. अंगणात नागोजी एकटाच गोणपाटावर पाला पसरून वाळवत बसला होता, आणि ध्रुव भिंतीकडं तोंड करून घोरत होता. अज्जीनं श्वेताचे हात चिंचेनं खसाखसा घासून दिले.

"अज्जी, दोष नाही हे कालच सगळ्यांना कळलं ना?"

"नाहीच आहे. पण चुना तर आहे. पेपराला लागेल."

मोटारसायकल शिवेच्या दगडाशी आली तेव्हा नागोजीचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला. इतक्या दिवसांची भीती एका दुपारीत सगळी जात नाही. श्वेतानं मागून आपले दोन्ही तळवे त्याच्या डोळ्यांपुढं धरले. भेगाळलेले, चिंचेनं चकचकीत झालेले. नागोजीनं पाय उचलला आणि गाडी हायवेला लागली.

वाचकहो, देव मानायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. अज्जी अजून दर शनिवारी मारुतीला तेल घालते आणि आमची त्याला काही हरकत नाही. पण उद्या तुमच्या दारात कुणी चमत्कार घेऊन आला, तर हात जोडण्याआधी एवढं करा. लाल झालेल्या हातांकडं सगळेच बघतात, तुम्ही पिवळे राहिलेले हात शोधा. ते का पिवळे राहिले ते विचारा. आणि एखादा बुवा तुमच्या लेकराला शाळेतून काढून कामाला जुंपायला सांगत असेल, तर पहिला विळा त्याच्या हातात द्या.